500 फ्रेजल व्हर्ब पाठ करून इंग्लिश येत नाही

आमच्या देवगड-मालवण पट्ट्यात गेला महिनाभर एक मेसेज फिरतोय. होमस्टेवाल्या बायकांच्या ग्रुपवर आला, बोटीवर नोकरीला जायची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर आला, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तर तीनदा आला. म्हणणं असं की रोज 20 प्रमाणे 25 दिवसांत 500 फ्रेजल व्हर्ब, म्हणजे "पिक अप", "टर्न ऑफ" अशा क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणाऱ्या जोड्या, पाठ करा आणि इंग्लिश फाडफाड बोला, मराठीत असली भानगडच नाही म्हणून आपल्याला ते जड जातं, त्याला लॉजिक नसतं तेव्हा नुसतं घोका, दोन शब्द कायम जोडीनेच ठेवा, आणि हे सगळं अलीकडचं बोलीतलं इंग्लिश आहे, कामाच्या ठिकाणी वापरू नका. मी संध्याकाळी इंग्लिशचा क्लास घेते, पोरं ही यादी वहीत उतरवून आणतायत आणि वाक्य बोलायची वेळ आली की गप्प बसतायत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी मराठीचं, कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं. आता हे "लागलं"च बघा ना. जेटीवर बोट लागली म्हणजे धक्क्याला आली, आणि मला बोट लागली म्हणजे पोटात ढवळून उलट्या सुरू झाल्या. भूक लागते, ठेच लागते, कलमाला आंबे लागतात, पोर रडायला लागतं, आणि अमका माझा मामा लागतो. याची यादी कुणी कधी पाठ केली? आणि एका क्रियापदाला दुसरा शब्द चिकटला की अर्थ पालटतो हे तर आपण दिवसभर करतो. "पैसे देऊन बसला" यात कुणी बसत नाही, "बोलून गेली" यात ती कुठे जात नाही, "खाऊन टाक" म्हटलं म्हणून कुणी ताट फेकत नाही. शाळेत याला संयुक्त क्रियापद म्हणून शिकवतात. फरक एवढाच की आपल्याकडे मागून येणारा शब्दही क्रियापद असतो आणि इंग्लिशमध्ये तिथे अप, ऑफ, आऊट, ऑन असले छोटे शब्द येतात. "ईट इट अप" म्हणजे सरळ "खाऊन टाक". ज्याला "देऊन बसला" कळतं त्याचा कान तयारच आहे, त्याला तुमच्या भाषेत हे नाही असं सांगून घाबरवू नका.

लॉजिक नसतं म्हणे. सगळीकडे नसतं हे कबूल, "पुट अप विथ" म्हणजे सहन करणं हे शब्दांकडे बघून कुणालाच कळणार नाही, आणि फॉर्म "फिल इन" करा किंवा "फिल आऊट" करा, अर्थ एकच. पण बरंच काही धाग्याला धरून असतं. अपमध्ये बऱ्याचदा पुरतं संपवण्याचा भाव असतो, ईट अप, ड्रिंक अप, यूज अप. ऑफमध्ये सुटण्याचा, वेगळं होण्याचा, चपला टेक ऑफ करणं, गेस्टला स्टेशनवर ड्रॉप ऑफ करणं, फांदी कट ऑफ करणं. ऑनमध्ये पुढे चालू ठेवण्याचा, कॅरी ऑन, कीप ऑन. एवढा धागा हातात आला तरी नवीन शब्द दिसल्यावर माणूस अंदाज बांधू शकतो, नुसती घोकंपट्टी केलेल्याला ते जमत नाही.

आणि यादीतला खरा घोटाळा म्हणजे एका शब्दापुढे एकच अर्थ. त्यात "पिक अप" म्हणजे "उचलणे" एवढंच लिहिलंय. आमच्या शेजारच्या वहिनींचा होमस्टे आहे, त्यांना गेस्टचा मेसेज आला, कॅन यू पिक अस अप फ्रॉम कणकवली, आणि त्या मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या की बाय गो, ही माणसं उचलायला कशाला सांगतायत, कुणी आजारी आहे का. गाडी घेऊन न्यायला या, एवढंच होतं ते. तोच "पिक अप" फोन उचलायला चालतो, ऐकून ऐकून भाषा शिकण्याला चालतो आणि "द विंड इज पिकिंग अप" म्हटलं की वारा वाढतोय.

आता जोडी न तोडण्याचं, इथे मेसेज चक्क चुकीचं शिकवतोय. "टर्न ऑफ द पंप" बरोबर, "टर्न द पंप ऑफ"ही बरोबर. पण पंपाऐवजी इट आलं की ते मध्येच बसवावं लागतं, "टर्न इट ऑफ", आणि मेसेजमधलं उदाहरण आहे "प्लीज टर्न ऑफ इट"! तसंच "पिक देम अप", "पिक अप देम" नाही. सगळेच असे तुटत नाहीत, "लुक आफ्टर हिम"मध्ये हिम शेवटीच राहणार, "वी हॅव रन आऊट ऑफ आइस"मध्ये तीन शब्द ओळीने येणार, आणि "द इंजिन ब्रोक डाऊन"ला तर पुढे काही लागतच नाही. हे यादीत कधी दिसणार नाही, वाक्यातच दिसतं.

अलीकडचं इंग्लिश हे तर साफ खोटं. हर्णैचा सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला ते साल 1755, आणि त्याच साली लंडनमध्ये सॅम्युएल जॉन्सनचा इंग्लिश शब्दकोश निघाला, त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवलंय की क्रियापदाला जोडलेल्या या छोट्या शब्दांनी परक्या लोकांना सगळ्यात जास्त अडचण येते. फ्रेजल व्हर्ब हे नाव तेवढं नवं, 1925 साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या लिखाणातून ते रूढ झालं.

कामाच्या ठिकाणी चालत नाही हे बोटीवर जाणाऱ्या पोरांना सांगणं मला धोक्याचंच वाटतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये जहाजावर बोलायची ठरावीक इंग्लिश वाक्यं मंजूर केली, त्यात "स्टँड बाय" आहे, "लेट गो" आहे. "लेट गो" म्हणजे यादीप्रमाणे "जाऊ देणे", आणि जहाजावर ती ऑर्डर आली की नांगर सोडायचा किंवा दोर सोडायचा, तिथे विचार करत उभं राहून कसं चालेल? हॉटेलात चेक इन, चेक आऊट तर सगळ्यांनाच माहितीये. सरकारी अर्जात "पुट ऑफ"पेक्षा "पोस्टपोन" शोभतं, मेसेजमधलं तेवढंच खरं.

आमच्या क्लासला रोज तीनच घेतो आणि प्रत्येकाने ते आपल्या दिवसातल्या वाक्यात सांगायचे. काल एक पोरगा, बापाबरोबर समुद्रात जातो तो, उभा राहून म्हणाला, वी सेट आऊट ॲट फोर, द विंड पिक्ड अप, वी टर्न्ड बॅक. मी विचारलं, अँड द नेट्स? तर लगेच म्हणाला, वी पुल्ड देम इन. देम मध्ये घालायचं हे मी त्याला अजून शिकवलंही नव्हतं.