शिकलेल्या पोरींवरचे आरोप आणि सातबाऱ्यावरची नावं

तुळशीचं लग्न आटोपलं की आमच्याकडे मुली पाहणं सुरू होतं, आणि त्याच सुमारास एक मजकूर गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरायला लागतो. शब्द बदलतात, सांगणं तेच असतं. पूर्वीच्या बाया घर सांभाळून सुखी होत्या. स्त्रीवादाचं परदेशी, शहरी खूळ आलं आणि पोरी बिघडल्या. शिकलेल्या पोरीला शेतकरी नवरा नको, म्हणून गावात पस्तिशीची पोरं बिनलग्नाची आहेत. कायदे सगळे बायांच्या बाजूचे. आणि एवढं असूनही त्यांना नोकरी हवी, घर हवं, मानही हवा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवते. हा मजकूर माझ्या विद्यार्थिनींना त्यांचे काका-मामा पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

पूर्वीच्या बाया घर सांभाळत होत्या, हे खरं. पण फक्त घर सांभाळणारी बाई आमच्या गावांत किती घरांत होती? सरकी टोबायची, निंदायचं, खत द्यायचं, सोयाबीन सोंगायचं आणि दिवाळीपासून पुढे कमरेला ओटी बांधून कापूस वेचायचा. पऱ्हाटीची वेचणी तर जवळजवळ सगळी बायांच्याच हातची. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. इतर कामांची बाईची रोजी माणसाच्या रोजीपेक्षा कमी, आजही. आमच्या आज्या कामाला जातच होत्या, फक्त त्या कामाला कोणी करिअर म्हटलं नाही आणि त्याचा पैसा त्यांच्या हातात राहिला नाही. त्या सुखी होत्या का, हे मजकूर लिहिणाऱ्यानं कोणत्या आजीला विचारलं होतं?

स्त्रीवाद परदेशातून आला, या आरोपाला उत्तर द्यायला बुलढाणा पुरे आहे. ताराबाई शिंदे तिथल्याच. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायांवर चिखलफेक सुरू झाली, तेव्हा १८८२ साली त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. जे दोष बाईला लावता ते पुरुषात नाहीत का, असं त्यांनी खडसावून विचारलं. नागपूरला जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या. मुलींच्या लग्नाची घाई करू नका आणि बायकोनं नवऱ्याची दासी न होता मैत्रीण म्हणून उभं राहावं, असं डॉ. आंबेडकरांनी तिथं सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायांनी दारूबंदीसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, २०१५ मध्ये बंदी मिळवली. २०२१ मध्ये ती उठवली गेली. त्यातल्या कितीतरी बायांनी स्त्रीवाद हा शब्दही ऐकला नसेल. घरातली मारहाण आणि रिकामा डबा त्यांना ठाऊक होता, तेवढं त्यांना पुरलं.

आता लग्नाचा मुद्दा. इथं जरा थांबायला हवं, कारण ही वेदना खोटी नाही. पाच-सात एकर कोरडवाहू वावर असलेला, निर्व्यसनी, कामसू मुलगा तीन-चार वर्षे बैठकी करतो आणि प्रत्येक घरातून ‘कळवतो’ एवढंच ऐकून परततो. त्याच्या मायची झोप उडते. मी असे मुलगे शिकवलेले आहेत, त्यांची चेष्टा मला सहन होत नाही.

पण दोष कोणाचा? आधी संख्या पाहा. आज लग्नाच्या वयात असलेली पोरं २००१ च्या जनगणनेच्या वेळी लहान मुलं होती. तेव्हा महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या, बुलढाणा जिल्ह्यात तर ८५५. ज्या मुली जन्मूच दिल्या नाहीत त्या आज पाहुण्यांसमोर चहा घेऊन कुठून येतील? हा निर्णय शिकलेल्या पोरींनी घेतला नव्हता.

दुसरं, ‘जवाई नोकरीवालाच पाहिजे’ हे बैठकीत बोलतं कोण? बहुतेक वेळा मुलीचा बाप. तो स्वतः शेतकरी असतो. कापसाचा भाव, बोंडअळी, बँकेचं आणि सावकाराचं कर्ज त्यानं भोगलेलं असतं आणि शेजारच्या घरातली आत्महत्या पाहिलेली असते. आपण जे सोसलं ते लेकीच्या वाट्याला नको, असं त्याला वाटतं. हा शेतीच्या परवडण्याचा प्रश्न आहे. मग त्याचा राग सरकारी धोरणावर काढायचा सोडून बी.एस्सी. झालेल्या पोरीवर का काढायचा?

आणि मुलगी स्वतः नाही म्हणते तेव्हा काय नाकारते, तेही ऐका. माझ्या माजी विद्यार्थिनी सांगतात ते असं : पहाटे उठून सैपाक, मग वावर, मग परत सैपाक, आणि वावर सासऱ्याच्या नावावर. बी-बियाणं कोणतं घ्यायचं हे तिला विचारणार नाहीत, माल विकला तर पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, तिला दाखवणार नाहीत. ज्या घरात तिला विचारलं जाईल अशी खात्री वाटली, तिथं पदवीधर पोरी शेतकऱ्याशी लग्न करून गेलेल्या आहेत. त्यांच्याबद्दल मजकूर फिरत नाही.

कायदे बायांच्या बाजूचे आहेत, हे कागदापुरतं बरोबर. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला हक्क दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. पण बाप गेला की भाऊ बहिणींना तहसीलच्या गावी बोलावतो, हक्कसोडपत्रावर सह्या घेतो आणि साडी-चोळी देऊन पाठवतो. सही नाही केली तर माहेर तुटतं, भाऊबीज तुटते. सासरी जमीन सासरच्यांची. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमीन कसणाऱ्या खातेदारांत बायांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास निघालं. जिच्या नावावर जमीन नाही तिला पीककर्ज नाही, आणि सरकारच्या लेखी ती शेतकरीही नाही. नवऱ्यानं आत्महत्या केली की हे सगळ्यात जास्त बोचतं. वावर सासऱ्याचं, डोक्यावर कर्ज, पदरात लहान लेकरं, आणि मदतीच्या एक लाख रुपयांसाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवायच्या. कायदा बाजूचा असेल, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही.

राहिला शेवटचा आरोप, की यांना सगळंच हवं. गावात नोकरी करणारी बाई म्हणजे आशा, अंगणवाडी सेविका, नर्स, शिक्षिका, बँकेतली किंवा पोलिसातली बाई. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरी मी रोज पाहते. भरती झाली की गावात पेढे वाटतात, आणि लग्न ठरताना सासरचे सांगतात, “नोकरी कर ना, कोन नाही म्हनते? पन घरचं सारं पाहून.” इथं सगळं हवं असणारं कोण आहे? तिचा पगार हवा, एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात हवं आणि गरम पोळीही तिच्याच हातची हवी. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायांची दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात असं आढळलं. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. दोन्ही डगरींवर पाय ठेवायची हौस तिला नाही, तिला दुसरी वाट ठेवलेली नाही.

आठ मार्चला हेच गट ‘सारं हसतमुखानं सांभाळणारी’ म्हणून तिची आरती करतात. मला ती आरतीही तितकीच नकोशी वाटते, कारण दमले असं म्हणायची मुभा ती काढून घेते. आमच्या कितीतरी पोरी त्या कौतुकाला खरं मानून स्वतःला दोष देत बसतात.

ज्यांच्या घरी मुलगा लग्नाचा आहे त्यांना एक माहिती देते. महाराष्ट्रात नवऱ्यानं बायकोला शेतजमीन बक्षीसपत्रानं दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, बाकीचा नोंदणीचा खर्च वेगळा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’ म्हणून हेच काम गावोगावी करून दाखवलं होतं, शेतकऱ्यांनी बायकांच्या नावावर जमिनी करून दिल्या होत्या. पुढच्या बैठकीत मानपान, आंदण, मंडप यांच्या बोलण्याआधी मुलाच्या बापानं सांगून पाहावं, की यातलं एक एकर सुनेच्या नावावर होईल आणि पट्टी तिच्याही हातात येईल. मुलीचं उत्तर त्यानंतर ऐकावं.