डिझेलच्या पाणबुडीला वर यावंच लागतं

पाणबुड्यांवरचा तुमचा लेख मनापासून आवडला. फक्त त्यातलं 'पाणबुडी महिनोन्महिने पाण्याखाली राहते' हे अणुपाणबुडीपुरतंच खरं आहे. आपल्या बहुतेक पाणबुड्या डिझेल-इलेक्ट्रिक. पाण्याखाली त्या बॅटरीवर चालतात आणि बॅटरी उतरली की पेरिस्कोप (बाहेर डोकावणारी दुर्बीण) पाण्यावर निघेल इतकं वर येऊन स्नॉर्केलची, म्हणजे हवा आत घेणारी, नळी बाहेर काढावी लागते. इंजिनाला हवा मिळते, चार्जिंग होतं, पण नेमकं तेव्हाच शत्रूला सापडण्याचं भय जास्त. इंजिनांचा आवाज पाण्यात लांबवर जातो.

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आयएनएस कुरसुरा ही नौदलाची निवृत्त डिझेल पाणबुडी आतून बघता येते. १९६९ ते २००१ अशी सेवा, ७१च्या युद्धात अरबी समुद्रात गस्त. लांबी ९१ मीटर, पण एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल दारातून अंग चोरून, आधी एक पाय टाकून वाकावं लागतं. मी दोनदा डोकं आपटलं. सत्तरेक माणसं तिथे राहायची, गोडं पाणी मोजून वापरायची, सूर्य दिसायचा नाही. टॉर्पेडोंशेजारच्या त्या अरुंद बिछान्यांपाशी मी बराच वेळ उभा होतो. घरच्यांना या माणसांची खुशाली कळायला किती दिवस लागत असतील, हेच मनात येत राहिलं. त्या कुटुंबांबद्दलही लिहा ना.