काचेचं ऑफिस बांधताय? मग आधी दारातला आंबा तोडा

समुद्राकडे तोंड करून रत्नागिरीत ऑफिस बांधायचं ठरलंय ना, मग पहिली गोष्ट, प्लॉट बघायला दुपारी चार वाजता चुकूनही जाऊ नका. सकाळी दहाला जा. आंब्याची सावली असते, वारा असतो, आर्किटेक्टच्या मोबाईलवर निळ्या काचेची थ्रीडी असते आणि सगळं पटत जातं. त्या थ्रीडीत झाडं कुठल्यातरी परदेशातली, माणसं कोट घातलेली, आणि सूर्य नेमका कुठेय ते काय दिसत नाही. तुम्ही पण विचारू नका, अडाणी दिसाल. ज्या आंब्याखाली उभं राहून हे सगळं ठरलं तो मात्र आधी तोडा, पश्चिमेला आहे आणि पार्किंगला अडतो.

आता पश्चिमेची अख्खी भिंत काचेची करा. जमिनीपासून स्लॅबपर्यंत. टेबलाच्या उंचीच्या खाली जी काच असते तिचा टेबलावरच्या उजेडाला काडीचा उपयोग नसतो, तिथून फक्त गरमी आत येते आणि बाहेरच्यांना तुमची कचऱ्याची बादली दिसते, पण लूक येतो ना. उजेड खोलीत लांबवर जातो तो खिडकीच्या वरच्या भागातून, म्हणून जुनी माणसं दारावर झरोका ठेवायची. ते सोडा. तिथे पीओपीचं फॉल्स सीलिंग खाली ओढून घ्या आणि त्यात एलईडी बसवा.

हिशोब आवडत असेल तर करून बघा, फारसा अवघड नाही. उतरतं ऊन समोरून आलं की एक चौरस मीटर साध्या काचेतून साधारण अर्धा किलोवॉट गरमी आत येते, म्हणजे कपड्यांची इस्त्री जवळपास अर्ध्या जोरात लावून ठेवल्यासारखी. अशी दहा चौरस मीटर काच लावली की पाच किलोवॉट. दीड टनाचा एसी फुल जोरात सव्वापाच किलोवॉट गरमी बाहेर काढतो. म्हणजे एक अख्खा एसी फक्त सूर्याची सरबराई करणार, माणसांसाठी दुसरा घ्या. एवढा पाहुणचार आपण जावयाचा पण करत नाही.

आमच्या ऑफिसात हे सगळं शिस्तीत केलेलं आहे. साडेतीनला ऊन काचेला लागतं, चारला कॅशच्या टेबलावर येतं, सव्वाचारला कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बसतं आणि मग आमच्या कॅशियर ताई मान तिरकी करून रकमा वाचतात. मागे एकदा त्यांनी छत्री उघडली. ऑफिसात. मे महिन्यात. खातेदार बाहेर उन्हातून घामाघूम होऊन आलेला, तो आत बाईंना छत्रीत बघून परत बाहेर गेला, त्याला वाटलं छप्पर गळतंय. आता काचेला थर्माकोल आहे, त्याच्या शेजारी आंब्याच्या पेटीचे पुठ्ठे, त्यावर गेल्या वर्षीची कॅलेंडरं. एवढी महागाची काच, आणि आम्ही पुठ्ठा लावून दिवसा बारा वाजता ट्यूबा पेटवून काम करतो. बाहेर लाखभर लक्स (उजेडाचं माप) उजेड, टेबलाला लागतात तीनशे ते पाचशे, तेवढे पण विकतचे!

पडदे लावायचेच तर आतून लावा. बाहेरून काही लावाल तर ऊन काचेला लागायच्या आधीच अडेल, मग मजा काय राहिली? आतून लावलं की ऊन काचेतून येतं, पडदा तापतो, आणि ती गरमी काच परत बाहेर सोडत नाही. मग एसी १८ वर न्या. एसीखालचा माणूस शाल घेतो, काचेजवळचा घाम पुसतो, आणि दोघांचं रिमोटवरून भांडण. करमणुकीचा वेगळा खर्च नाही.

छज्जा हवाच असेल तर दक्षिणेचं ड्रॉइंग पश्चिमेला कॉपी पेस्ट करा. दक्षिणेला तो चालतो, कारण डिसेंबरात पण इथे दुपारचं ऊन पन्नासेक अंश वरून येतं. बाकी वर्षभर सूर्य आपल्या डोक्यावरच असतो म्हणा ना, मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तर सावली पायाखाली जाते, आणि मधल्या काळात दुपारी तो चक्क उत्तरेला असतो. पण संध्याकाळी तो समुद्रावर उतरतो आणि छज्जाच्या खालून सरळ आत. आमच्याकडे मालवणकडचे एक सुतार आले होते, ते बघून म्हणाले, "साहेबानू, दर्याकडचा ऊन वरसून येणा नाय, आडव्यान येता." उभ्या फळ्या तिरक्या लावूया म्हणत होते. साहेबांनी हसून घालवलं. अहमदाबादच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीत ल कोर्बुझिये नावाच्या नामवंत आर्किटेक्टने १९५४ साली पश्चिमेला काँक्रीटच्या तशाच तिरक्या फळ्या लावल्यात, पण तो पडला परदेशी, त्याला शोभतं. लंडनमध्ये २०१३ साली एका वाकड्या काचेच्या टॉवरने रस्त्यावर उभ्या जॅग्वारचे पार्ट वितळवले, मग पुढच्या वर्षी त्यांनी पण बाहेरून पट्ट्या ठोकल्या. लंडन हो, जिथे ऊन आलं की लोक सुट्टी काढतात.

आणि स्टाफला थिबा पॅलेसला घेऊन जाऊ नका. १९१० च्या सुमाराचा तो वाडा, ब्रह्मदेशच्या राजासाठी बांधलेला, उतरती छपरं, गॅलऱ्या, आत शिरल्यावर जीव थंड. उगाच कोणीतरी विचारेल की तेव्हा एसी कुठला होता. आजोळच्या घराला पडवी होती, पुढे वाळ्याचा पडदा होता, हे तर मीटिंगमध्ये काढूच नका, मागासलेले म्हणतील.

कायद्याची भीती बाळगू नका. ऊर्जेचा बिल्डिंग कोड आहे, २०१७ च्या आवृत्तीत खिडक्या भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंतच ठेवा असं पण आहे, पण तो मुळात १०० किलोवॉट आणि त्यावरच्या जोडभाराच्या, म्हणजे सगळी उपकरणं मिळून तेवढी वीज लागणाऱ्या इमारतींसाठी. आपलं दोन मजली, आपल्याला कोण विचारतंय! सूर्याला मात्र ही मर्यादा कोणी कळवलेली नाही.

खिडक्या उघडणाऱ्या ठेवू नका हे सांगायचं राहिलं. पावसात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं इथे, छज्जा नसला की खिडकी उघडताच येत नाही, मग सील केलेलीच बरी. लाईट गेली की जनरेटर. डिझेल संपलं की सगळे जिन्यात. निसर्ग वादळानंतर तर किती दिवस कुठे वीज नव्हती ते आठवून बघा, आणि मग काचेच्या डब्यात बसायची कल्पना करा.

आमच्याकडे आता तिसरा एसी बसलाय. आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीवरच, भर उन्हात, कारण दुसरी जागाच नाही, आणि तापलेल्या हवेत ते बिचारं जास्तच धापा टाकतं. पण नेमकं कॅशच्या काचेसमोर आलंय. साडेचारला त्याची सावली बरोब्बर टेबलावर पडते, ताईंनी खुर्ची चार बोटं डावीकडे सरकवलीय आणि छत्री कपाटात ठेवलीय. परवा बाजूच्या कर्जवाल्या टेबलाने पण अर्ज दिला, आम्हाला पण एक एसी मिळावा म्हणून. चालू नसला तरी चालेल, फक्त काचेबाहेर लावा.