‘विकतचाच अँटिव्हायरस घ्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आपल्या पुसद-दिग्रसकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: फुकटवाले तुमची माहिती विकतात, फुकटचा अँटिव्हायरस काही पकडत नाही, विकतचा टाका की कॉम्प्युटर शंभर टक्के सेफ. कापसाच्या चुकाऱ्यातून पोरीला लॅपटॉप घेऊन देणाऱ्या बापाला हा मेसेज दरसाल नाहक खर्चात पाडतो.

माहिती विकण्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. फुकटचा अँटिव्हायरस देणाऱ्या ‘अवास्ट’ कंपनीने लोकांच्या ब्राउझिंगची माहिती विकली म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2024 मध्ये तिला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. पण विंडोज 10 आणि 11 मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा फुकटचा अँटिव्हायरस मुळातच असतो, दुसरं काही डाउनलोड करावंच लागत नाही. मेसेजमध्ये त्याचं नावसुद्धा नाही.

‘काही पकडत नाही’ हे तर चूकच. आपल्याकडे व्हायरस येतो तो बऱ्याचदा झेरॉक्सच्या दुकानातून, पेन ड्राइव्हवर बसून. घरी लावला की फोल्डरच्या जागी बारक्या बाणाचे शॉर्टकट दिसतात. खऱ्या फाइली लपवलेल्या असतात आणि शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस सुरू होतो. हे जुने, ओळखीचे प्रकार डिफेंडर सहसा धरतो, फक्त त्याचे अपडेट ताजे हवेत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डेटा वाचवायला ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू ठेवलं असेल तर अपडेट मागे पडू शकतात. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून शेवटच्या अपडेटची तारीख बघा. पेन ड्राइव्ह उघडण्याआधी त्यावर राइट क्लिक करून स्कॅन करा. अपडेट नसेल तर विकतचाही आंधळाच.

आणि शंभर टक्के? मे 2017 मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्यावरचा विंडोजचा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते सापडले. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. पुढचे सुरक्षा अपडेट मिळत नसतील तर विंडोजमधली भोकं कोणताच अँटिव्हायरस बुजवत नाही. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला तुम्हीच स्क्रीन शेअर करून दिली, तर तिथेही तो कामाचा नाही. पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा.

‘विकतचा’ म्हणून कोणी क्रॅक, म्हणजे लायसन्सशिवाय चालवलेली चोरीची कॉपी, टाकून देत असेल तर त्याला हात लावू देऊ नका, क्रॅकसोबत अनेकदा व्हायरसच येतो. वाचलेल्या पैशात बाहेरची हार्ड डिस्क घ्या, फोटो-कागदपत्रांची कॉपी करा आणि डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवा. दिवसभर लोकांचे पेन ड्राइव्ह लावणाऱ्या सेतू केंद्रवाल्याने मात्र विकतचा जरूर घ्यावा, पक्क्या बिलासकट.