पत्र्यावरून न दिसलेला लोगो

दूरदर्शनचा तो जुना लोगो, दोन पाकळ्या गोल गोल फिरत येतात आणि मधल्या गोळ्याभोवती बसून डोळा होतो, तो मी लहानपणी एकदाही धड बघितला नाही. कारण तो लागायचा तेव्हा मी पत्र्यावर असायचो.

पुण्यात तेव्हा मुंबईचे कार्यक्रम सिंहगडावरच्या टॉवरवरून यायचे, त्यामुळे अख्ख्या पेठेतले अँटिने गडाकडे तोंड करून उभे. आमच्यावर मात्र कावळा बसला की तो पर्वती बघायला लागायचा. मग संध्याकाळी मी पत्र्यावर, दादा खिडकीत आणि बाबा टीव्हीसमोर अशी साखळी. बाबांचं म्हणणं असं की बातम्यांवाल्या बाईंची सावली पडली तरी चालतं पण गोल म्हणजे गोल, तो दोन दिसला म्हणजे अँटिना चुकला. बाबा ओरडणार "थांब", दादा ते पुढे ढकलणार "थांब रेऽऽ" आणि माझ्यापर्यंत पोचेस्तोवर मी दांडा वीतभर पुढे नेलेला. खालून आवाज, "मुंग्या आल्या!" आजी म्हणायची, गड आला पण चक्र गेलं.

माझ्या वाट्याला नुसती धून. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खान यांची, ती शहनाई पत्र्यावर एकटं उभं राहून ऐकली की पोटात कालवायचं. ती पहिल्यांदा वाजली 1 एप्रिल 1976 ला, दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं तेव्हा. मुहूर्त 1 एप्रिलचा होता हे मला फार उशिरा कळलं, आणि बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

चौथीत चित्रकलेच्या तासाला मी हाच लोगो काढला, एकावर एक सरकलेले दोन. बाई म्हणाल्या दोन का रे? म्हटलं आमच्याकडे असाच येतो.

खरा लोगो काढला होता अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य नावाच्या विद्यार्थ्याने. आणि ॲनिमेशन म्हणजे काय, तर त्या चित्राच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवून फिरवत फिरवत शूट केलेल्या. म्हणजे तिकडेही कोणीतरी बिचारा फिरवतच बसला होता!

पुढे रंग आले, खाली 'सत्यं शिवं सुंदरम्' आलं, मग केबल आली आणि अँटिन्यावर आईने टॉवेल वाळत घातले. 2017 ला नव्या लोगोसाठी स्पर्धा लावली होती, म्हटलं आपला दोन गोळ्यांचा पाठवावा, पण राहिलं. 2024 मध्ये डीडी न्यूजचा लोगो लालचा भगवा झाला तेव्हा फॅमिली ग्रुपवर दोन काकांची जी जुंपली ते अजून एकमेकांशी बोलत नाहीत. असो.

परवा लेकीने मोबाईलवर तो जुना लावला. पहिल्यांदाच पूर्ण बघितला, स्वच्छ, एकही मुंगी नाही. लेक म्हणाली, "बाबा, लोड होतंय का अजून?" धून ऐकून माझे बाबा आतून काठी टेकत आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. मोबाईल हातात न घेता लांबूनच डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले,

"दोन दिसतायत."

मी मुकाट्याने मोबाईल जरासा डावीकडे फिरवला.