क्रियापद कुठे आहे ते आधी बघा

‘वाक्यं छोटी लिहा’ हा सल्ला सगळेच देतात. मला तो अर्धवट वाटतो. ‘सदर अर्जाची छाननी प्रक्रिया पूर्ण करण्यात आलेली नाही’ हे वाक्य जेमतेम 8 शब्दांचं आहे, तरी भिकार आहे. ‘हा अर्ज आम्ही अजून तपासलेला नाही’ म्हटलं की अर्थ कळतो आणि अर्ज कुणाकडे अडलाय तेही कळतं. (ते कळू नये म्हणूनच पहिलं वाक्य लिहितात, ती गोष्ट वेगळी.)

मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं. होय की नाही, झालं की होणार, हे तिथे पोचल्याशिवाय वाचकाला समजत नाही. आता हे बघा: ‘समितीच्या मागील महिन्यातील बैठकीमध्ये घेण्यात आलेल्या निर्णयानुसार ग्रंथालयाच्या वाचनकक्षाच्या दुरुस्तीच्या कामाची सुरुवात करण्यात येणार आहे.’ ‘करण्यात’च्या आधी 12 शब्द वाचकानं नुसते डोक्यात धरून ठेवायचे. शेवटी ‘आहे’च्या जागी ‘नाही’ही येऊ शकलं असतं!

दुरुस्ती करताना आधी कामाची क्रियापदं शोधायची. इथे ती नामांत दडलीत: निर्णय म्हणजे ठरवणं, दुरुस्ती म्हणजे दुरुस्त करणं. मग प्रत्येकाचा कर्ता विचारायचा. ‘वाचनकक्ष दुरुस्त करायचं समितीनं गेल्या महिन्यात ठरवलं. काम आता सुरू होईल.’ ‘च्या’ची माळ आपोआप तुटली. लागोपाठ तीन ‘च्या’ दिसले की मी तरी वाक्य मोडतोच. बैठक गाळली, कारण समिती ठरवते ती बैठकीतच.

क्रियापदाच्या लगेच आधीची जागा वाक्यातली सगळ्यात वजनदार. ‘चावी मी काल तिला दिली’ यात जोर ‘तिला’वर. ‘चावी तिला मी काल दिली’ यात ‘काल’वर. ‘चावी काल तिला मी दिली’ म्हणजे दुसऱ्या कुणी नाही. शब्द तेच. ही जागा नीट वापरली तर दर ओळीत ‘च’ पेरावा लागत नाही.

‘ऊन’ जपून वापरा. ‘दार उघडून मांजर आत आलं’ म्हणजे दार मांजरानंच उघडलं. दार तुम्ही उघडलं असेल तर ‘उघडल्यावर’ किंवा ‘उघडताच’. ‘ऊन’वाल्या क्रियेचा आणि मुख्य क्रियेचा कर्ता साधारणपणे एकच लागतो. चांगले लिहिणारेही इथे घसरतात, कारण लिहिताना चित्र डोळ्यांसमोर असतं आणि कर्ता कागदावर उतरायचा राहतो.

आणि लांब वाक्याला घाबरू नका. ‘रात्री वीज गेली, मेणबत्ती सापडेना, शेवटी त्यानं फोनच्या उजेडात उरलेली दोन पानं वाचून काढली आणि मगच झोपला.’ 17 शब्द आहेत, म्हणजे समितीच्या वाक्यापेक्षा दोन जास्तच. पण पहिलं क्रियापद तिसऱ्याच शब्दाला हाती लागतं आणि पुढेही थोड्या थोड्या अंतरावर येत राहतं, त्यामुळे वाचक कुठे अडत नाही.