‘मायक्रोस्कोप म्हणजे नुसता देखावा’ या रिव्ह्यूला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. हिरड्यांच्या उपचारात वापरायचा मायक्रोस्कोप हा फी वाढवायचा देखावा आहे, सुरुवातीच्या भेटींत आम्ही तो वापरलाच नाही, दुसऱ्या एका ठिकाणी निदान स्क्रीनवर जंतू तरी दाखवले, आणि उपचारानंतर दात लांब दिसू लागले, मध्ये फटी पडल्या, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या फाइलमधलं मी इथे काहीही लिहिणार नाही. पेशंटची माहिती चारचौघांत मांडायची नसते, विषय पेशंटनेच काढला असला तरी. म्हणून उत्तर फक्त तुम्ही लिहिलेल्या मुद्द्यांना.

आधी ‘वापरलाच नाही’ याबद्दल. हिरड्यांचा आजार मोजायचं साधन म्हणजे प्रोब, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई. प्रत्येक दाताभोवती सहा जागी ती हिरडी आणि दात यांच्या मधल्या खाचेत हलकेच घालून खोली पाहतात. ३ मिलिमीटरपर्यंत आणि रक्त नाही, तर ठीक, त्यापुढे पॉकेट, म्हणजे आजाराने खोल झालेली खाच. ही खोली मायक्रोस्कोप मोजत नाही. बंद हिरडीच्या आतलंही त्याला दिसत नाही, कारण जिथे उजेड पोचेल तिथलंच तो मोठं करून दाखवतो. त्यामुळे पहिल्या टप्प्यातलं डीप क्लीनिंग मुख्यतः हाताच्या स्पर्शावर चालतं: अल्ट्रासोनिक टिप (कंपनांनी कीटण सोडवणारं टोक), क्युरेट (खरवडायचं बारीक हत्यार), आणि मूळ गुळगुळीत लागतंय की खरखरीत याचा अंदाज. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टोलॉजी या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही क्रम हाच आहे. आधी घरची स्वच्छता, तंबाखू आणि मधुमेहावर नियंत्रण. मग हिरडीखालची सफाई. मग पुन्हा मोजणी. एवढं करूनही ६ मिलिमीटर किंवा अधिक खोल पॉकेट उरलं, तरच शस्त्रक्रियेचा विचार. पहिल्याच भेटीत मी मायक्रोस्कोप पुढे ओढला असता, तर देखाव्याची तक्रार मीच मान्य केली असती.

त्याचं खरं काम हिरडी उघडल्यावर सुरू होतं. खालच्या दाढेला साधारण दोन मुळं असतात, वरच्या दाढेला तीन. हाड झिजत मुळांच्या फाट्यापर्यंत गेलं की कीटण त्या फाट्यात जाऊन बसतं. बॉवर या संशोधकांनी १९७९ मध्ये पहिल्या दाढांचे हे फाटे मोजले. ८१ टक्के ठिकाणी तोंड १ मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद निघालं, आणि निम्म्याहून जास्त ठिकाणी पाऊण मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. आमच्या नेहमीच्या क्युरेटचं पातंच पाऊण ते एक मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे बऱ्याच फाट्यांत ते शिरतच नाही. मायक्रोस्कोप पातं बारीक करून देत नाही. पण फाट्याचं तोंड नेमकं कुठे आहे, आत काळपट कीटण अजून चिकटलेलं आहे का, क्युरेट सोडून बारीक अल्ट्रासोनिक टिप घ्यावी का, हे डोळ्यांनी पाहून ठरवता येतं. खोल डब्यात वाकून पाहिलं की आपल्याच डोक्याची सावली आत पडते. मायक्रोस्कोपचा उजेड नजरेच्या रेषेतूनच जातो, म्हणून तळही दिसतो. माझ्या मते मोठं दिसण्याइतकाच, कदाचित त्याहून जास्त, उपयोग या उजेडाचा आहे. चष्म्यावरच्या लूप्समधून, म्हणजे भिंगांमधून, साधारण अडीच ते पाच पट मोठं दिसतं, मायक्रोस्कोपमधून वीस पट आणि त्याहून अधिकही. हिरडीच्या कामात मात्र सहसा मधल्याच पट्टीवर थांबावं लागतं, कारण वीस पटीवर पेशंटने आवंढा गिळला तरी दात नजरेआड होतो.

दुसरा फायदा टाक्यांचा. ६-० किंवा ७-०चा धागा केसासारखा बारीक असतो (आकडा वाढतो तसा धागा बारीक होतो) आणि तो नीट बसवायचा तर डोळ्याला मदत लागतेच. कडा ताण न देता जुळल्या की जखम लवकर धरते. बुर्कहार्ट आणि लँग यांनी २००५ मध्ये १० पेशंटच्या तोंडात एका बाजूला मायक्रोस्कोपखाली आणि दुसऱ्या बाजूला नेहमीच्या पद्धतीने, उघडी पडलेली मुळं झाकण्याची शस्त्रक्रिया केली. वर्षानंतर मूळ झाकलेलं राहण्याचं प्रमाण सुमारे ९८ आणि ९० टक्के होतं. पण पेशंट फक्त दहा, आणि उपचार पॉकेटवरचा नव्हता. त्यामुळे ‘मायक्रोस्कोपने हिरड्यांचा आजार बरा होतो’ असा बोर्ड मी कधी लावणार नाही.

स्क्रीनवर वळवळणारे जंतू दाखवणारा मायक्रोस्कोप वेगळाच. दातावरचा थर काचेवर घेऊन त्यातून पाहतात. १९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पॉल कीज यांनी या तपासणीवर, खाण्याचा सोडा आणि पेरॉक्साइडवर बेतलेली पद्धत मांडली. ती खूप गाजली. पुढच्या तुलनात्मक अभ्यासांत नेहमीच्या सफाईपेक्षा तिचा वेगळा फायदा दिसला नाही. पेशंटला ब्रश नीट करायला लावण्यापुरतं ते चित्र चांगलं आहे, नाही असं नाही. पण वळवळ पाहून घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येतं, म्हणून मी ते ठेवलेलं नाही.

दात लांब दिसणं आणि फटी पडणं खटकतंच, त्याबद्दल वाद नाही. सुजलेली हिरडी फुगून झिजलेलं हाड झाकून ठेवते. सूज उतरली की हिरडी खाली बसते आणि हाड आधीच गेलेलं असल्याने मुळांचा भाग उघडा पडतो. पॉकेट कमी होतं त्यातला बराच भाग या आक्रसण्याचाच असतो. थंड लागलं की ठणकणं बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. फटींसाठी दातांच्या मधला बारीक ब्रश वापरा, आणि तो फटीच्या मापाचा हवा.

आमच्या बिलात मायक्रोस्कोपची वेगळी ओळ नसते. शस्त्रक्रियेला वेळ जास्त लागतो, त्याचे पैसे लागतात. पॉकेटच्या मोजणीचा तक्ता आणि एक्स-रे यांची प्रत रिसेप्शनवर मागा, लगेच मिळेल. ती घेऊन दुसऱ्या हिरडीतज्ज्ञांकडे खुशाल जा आणि पुन्हा मोजून घ्या. आकडे उतरले असतील तर शस्त्रक्रियेची आणि मायक्रोस्कोपची तुम्हाला गरज नाही. कुठे ६ मिलिमीटर उरलंच असेल, तर त्या दातापुरतं पुढे काय करायचं ते त्यांच्याशी किंवा माझ्याशी बोलून ठरवा.